अफगाण संगीतकार देश सोडून का पळाले? तिथेच राहून लढता आलं नसतं का?

तिथे राहून लढायचं म्हणजे काय, ते आधी बघा. फवाद अंदराबी म्हणून लोकगायक होते, बागलान प्रांतातल्या अंदराब खोऱ्यात राहायचे, घिचक नावाचं गजाने वाजवायचं तंतुवाद्य वाजवून आपल्या मुलखाची गाणी म्हणायचे. १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबानने काबूल घेतलं आणि त्याच महिन्यात हा माणूस मारला गेला. मुलाने सांगितलं की आधी ते लोक घर तपासून गेले, चहासुद्धा पिऊन गेले, आणि नंतर परत येऊन गोळी घातली. गाणं म्हणणं एवढाच गुन्हा.

मी सरोद शिकते त्यामुळे मला हे लांबचं वाटतच नाही. सरोद अफगाणी रबाबातून आला असं मानतात, आणि उलट बाजूने १८६० च्या दशकात अमीर शेर अली खानने आपल्याकडचे गवई-वादक काबूलला नेले, त्यांची वस्ती म्हणजे खराबात मोहल्ला, तिथे पिढ्यान्पिढ्या राग गायले गेले. तो मोहल्ला १९९० च्या दशकातल्या यादवी युद्धात उद्ध्वस्त झाला, नंतर १९९६ ते २००१ तालिबानची संगीतावरची पहिली बंदी, तेव्हाही कितीतरी उस्ताद पेशावरला गेले होते.

आता लपून रियाज करता आला नसता का, असं कोणीही म्हणेल. पण आवाज भिंतीच्या आत राहतो का? आणि पोट कशावर भरायचं, बहुतेकांचं घर लग्नातल्या गाण्याबजावण्यावर चालायचं आणि तेच बंद. जुलै २०२३ मध्ये अफगाणिस्तानातल्याच हेरातला तालिबानने जप्त केलेली वाद्यं जाळली त्यात पेटी होती, तबला होता. ते वाचून मी कितीतरी वेळ सुन्न बसले होते, आपण ज्या वाद्याला चुकून पाय लागला तर नमस्कार करतो ते पेटवून द्यायचं!

आणि लढले नाहीत असं तर म्हणूच नका. अहमद सरमस्त यांनी २०१० मध्ये काबूलला संगीताची सरकारी संस्था उभी केली, मुलं-मुली एकत्र शिकायची, अनाथ आणि रस्त्यावर सामान विकणारी पोरंसुद्धा घेतली, मुलींचा झोहरा नावाचा स्वतंत्र ऑर्केस्ट्रा केला. डिसेंबर २०१४ मध्ये मुलांचा कार्यक्रम चालू असताना आत्मघाती स्फोट झाला, सरमस्तांच्या डोक्यात तुकडे घुसले, ऐकू येणं गेलं, ऑस्ट्रेलियात उपचार झाले आणि हा माणूस परत काबूलला शिकवायला हजर! एवढं केल्यावर २०२१ मध्ये शाळेची दारंच बंद झाली तेव्हा विद्यार्थी, शिक्षक आणि काहींचे घरचे असे मिळून २७३ जण कतारमार्गे पोर्तुगालला गेले. पोरीबाळींना वाजवता यावं म्हणून नेलं, त्याला मी तरी पळणं म्हणणार नाही.

अर्थात तिकडे सगळं गोड आहे असंही नाही. शाळा आता ब्रागा शहरात चालते, पण समोर बसलेल्या पोर्तुगीज माणसाला दरी-पश्तू या अफगाणी भाषांचा शब्द कळत नाही, अचूक जागेवर वाहवा देणारा श्रोता मागेच राहिला आणि तो विमानाने आणता येत नाही.

शास्त्रीय ऐकत असाल तर उस्ताद सरहंग यूट्यूबवर शोधा. काबूलचे, खराबातचे, तालीम पतियाळा घराण्याची. बेदिल या कवीच्या फारसी गझला गायचे, पण कान लावलात की राग लगेच ओळखीचा वाटेल.