मत उघड, म्हणून निकाल ठरलेला? यॉर्कशायर, १७३४

तुमचा प्रश्न असा : अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मतदान उघड होतं, म्हणजे काउंटीत (जिल्ह्यासारख्या विभागात) बडा जमीनदार सांगेल तोच निवडून येणार, मग चुरस कसली? उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायर काउंटीची १७३४ची निवडणूक बारकाईने पाहिली, तर हे म्हणणं टिकत नाही.

वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची मालकीची जमीन असली की मत, हा नियम पंधराव्या शतकातला. तीनशे वर्षांत महागाई वाढली, आकडा तोच राहिला. त्यामुळे छोटे शेतकरी, दुकानदार, कारागीरही मतदार झाले. कुळावर दाब टाकता येई, पण स्वतःच्या मालकीची जमीन कसणाऱ्याची मनधरणीच करावी लागे.

एवढ्या अवाढव्य काउंटीचं मतदान एकट्या यॉर्क शहरात. शेफील्डकडचा मतदार ऐंशीएक किलोमीटर तुडवून यायचा. मतदारयादी नव्हती. कारकुनासमोर उभं राहून नाव, गाव, जमीन कुठे आणि मत कोणाला हे तोंडाने सांगायचं. कोणी हरकत घेतली तर शपथ घ्यायची. सगळं वहीत उतरायचं.

संसदेत काउंटीच्या जागा दोन, म्हणून प्रत्येक मतदाराला मतंही दोन, आणि खरी गंमत इथेच आहे. टर्नर आणि विन ही व्हिग (तेव्हाचा सत्ताधारी पक्ष) जोडी. समोर टोरी (विरोधी पक्ष) स्टेपल्टन, आणि त्यांच्या जोडीला पंतप्रधान वॉलपोल यांच्या विरोधातले व्हिग एडवर्ड वर्टली मॉंटेग्यू (देवी टोचण्याची तुर्की पद्धत इंग्लंडमध्ये रुजवणाऱ्या लेडी मेरी यांचे पती). वॉलपोल यांच्या वाइन आणि तंबाखूवरच्या अबकारी कराच्या बेताने आदल्या वर्षीच देश पेटला होता. निकाल : स्टेपल्टन ७,८९६, टर्नर ७,८७९, विन ७,६९९, वर्टली ५,८९८. प्रत्येक बाजूचा एकेकच निवडून आला! लोक हुकमाने जोडीला मत देत असते, तर स्टेपल्टन आणि वर्टली यांच्यात जवळजवळ २,००० मतांची तफावत पडलीच नसती. कित्येकांनी दुसरं मत राखून ठेवलं किंवा पलीकडच्या उमेदवाराला दिलं. विन तर आपल्याच जोडीदाराच्या मागे १८० मतांनी पडले.

विन यांनी संसदेत दाद मागितली. अपात्र लोकांनी मतं दिली, ही त्यांची तक्रार. सुनावणी लांबत गेली, खर्च वाढत गेला आणि शेवटी त्यांनी नाद सोडला.

तुमची शंका खरी ठरते ती दुसऱ्याच ठिकाणी. खर्चाच्या धास्तीने बडी घराणी आपसांत बसून दोन्ही नावं ठरवून टाकत, आणि मग मतदानाची वेळच येत नसे. १७४२च्या पोटनिवडणुकीनंतर यॉर्कशायरमध्ये पुन्हा मतदान झालं ते थेट १८०७ साली.