आवारातील पावसाचे पाणी : वाचकांचे प्रश्न

पावसाचे पाणी शक्यतो आवारातच मुरवायचे किंवा काही काळ रोखून धरायचे आणि उरलेले सावकाश पालिकेच्या वाहिनीत सोडायचे, अशा कामांबद्दल आलेली बहुतेक पत्रे काम पूर्ण झाल्यानंतरची आहेत. तक्रार साधारण एकच आहे : पैसे मोजले, काम झाले, पाणी मात्र साचतेच. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

आमचा भूखंड ६०० चौरस मीटरचा आहे. नव्या बांधकामात पर्जन्यजल संधारणाची सोय सक्तीची आहे का? (नाशिक)

होय, राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावर ती करावीच लागते.

दोन शोषखड्डे घेतले, तरी पहिल्याच मोठ्या सरीत दोन्ही भरून वाहू लागले. ठेकेदार म्हणतो, ‘जमीनच खराब आहे.’ (बाणेर, पुणे)

जमिनीला दोष देण्यापूर्वी हिशेब करावा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. आपले छत आणि फरसबंदी मिळून २,००० चौरस मीटर आहे, असे आपण लिहिता. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्यावरून सुमारे १ लाख लिटर पाणी येते. आपला प्रत्येक खड्डा दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि दोन मीटर खोल, म्हणजे साडेचार घनमीटरचा आहे. त्यात दगड-खडी भरल्यावर मोकळी जागा साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकीच, म्हणजे दीड हजार लिटरची उरते. दोन खड्ड्यांनी आणखी काय करायचे होते?

जमीन मात्र तपासायला हवी होती, तीही खड्डे घेण्यापूर्वी. पुण्यात एकाच आवारात एका कोपऱ्यात मुरूम, दुसऱ्यात काळी माती आणि हातभर खाली काळा पाषाण लागू शकतो. प्रत्यक्ष जागेवर, प्रत्यक्ष खोलीवर खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा, जमीन पुरती भिजेपर्यंत पुन्हा भरावा आणि मग पातळी किती वेळात किती उतरते ते पट्टीने मोजावे. मे महिन्यातल्या कोरड्या मातीत एकदाच पाणी ओतून काढलेला आकडा फसवा असतो. नवे खड्डे पायापासून किती अंतरावर घ्यावेत, हे संरचना अभियंत्याला विचारल्याशिवाय ठरवू नये. काळी माती पाणी पिऊन फुगते.

पाणी झिरपणारे पेव्हर ब्लॉक बसवले, पण पाणी वरच राहते. ब्लॉक बदलावेत का? (ठाणे)

आधी एक ब्लॉक उचलून खाली पाहावे. बहुधा काँक्रीटचा थर आणि त्यावर बारीक क्रश सँड सापडेल. असे असेल, तर कोणताही ब्लॉक बसवा, पाणी जाणार कुठे? खाली एकाच मापाची, बारीक चुरा नसलेली खडी आणि सांध्यांत बारीक चिप्स हव्यात. विक्रेते माहितीपत्रकातील ब्लॉक विकतात. खालच्या थरांबद्दल त्यांना कोणी विचारत नाही आणि तेही सांगत नाहीत.

मी तरुण अभियंता आहे. आराखडा संहितेप्रमाणे असूनही ग्राहक असमाधानी राहतात. त्यांच्या अपेक्षा कशा सांभाळाव्यात? (कोल्हापूर)

अपेक्षा सांभाळायच्या नसतात, त्या काम सुरू होण्यापूर्वी आकड्यांत लिहून घ्यायच्या असतात, आणि हे मी कंटाळा येईपर्यंत सांगत आलो आहे. ‘आवारात पाणी साचणार नाही’ हे वाक्य कार्यादेशात असेल, तर त्यावर सही करू नये, कारण ते पाळणे कोणालाही शक्य नाही. मुंबईत ‘ब्रिमस्टोवॅड’ या पर्जन्यजल-निचरा प्रकल्पाने पावसाळी वाहिन्यांची क्षमता ताशी २५ वरून ५० मिलिमीटरवर नेण्याचे ठरवले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. या आकड्याची चोवीस तासांची सरासरी काढली, तर ती ताशी ४० मिलिमीटरच्याही खाली येते. पण पाऊस सरासरीने पडत नाही, बराचसा दुपारनंतरच्या काही तासांतच कोसळला होता.

म्हणून ग्राहकासमोर बसून ठरवावे की ताशी किती पावसापर्यंत आवार कोरडे राहील, त्याहून जास्त पावसात पाणी कोठे, किती खोल आणि किती वेळ उभे राहिलेले चालेल, आणि तेथून ते कोणत्या वाटेने बाहेर पडेल. वाहनतळावर घोटाभर पाणी तासभर राहिले तर चालेल, लिफ्टच्या खड्ड्यात आणि विजेच्या मीटर-खोलीत थेंबही चालणार नाही, असे सोसायटी स्वतःच सांगते. तिला कोणी विचारले, तर. याच कागदावर गाळ कोण काढणार, कोणत्या महिन्यात काढणार आणि खर्च कोणत्या खात्यातून होणार, हेही लिहावे. निविदेत चेंबर मोजलेले असतात, पण गाळ उपसण्याची बाब नसते. दोष दायित्वाचा कालावधी, म्हणजे ठेकेदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत, संपला की जाळीखाली पालापाचोळा, सिमेंटची राड आणि प्लास्टिक बसते आणि दोष आराखड्याला लागतो. या कागदावर ग्राहकाची सही घेण्यापूर्वी त्यांतील जबाबदारीची कलमे वकिलाला दाखवावीत.

पर्जन्य-बागेमुळे (पावसाचे पाणी साठवून मुरवणाऱ्या खोलगट बागेमुळे) डास वाढतील, असे सोसायटीत बोलले जाते. (पिंपरी)

नीट केलेल्या बागेतील पाणी दोन दिवसांत मुरते, तेवढ्यात डासाची अंडी-अळी-कोश ही वाढ पुरी होत नाही.

आवारातील सगळे पाणी बोअरवेलमध्ये सोडणारा ‘खास फिल्टर’ घ्यावा का? (छत्रपती संभाजीनगर)

सगळे पाणी नको. छताचे पाणी, तेही पहिल्या सरींचे वगळून आणि गाळून, सोडता येते. वाहनतळावरचे तेलकट पाणी कधीही सोडू नये, कारण शेजाऱ्यांच्या बोअरलाही तेच जाते. विक्रेत्याच्या शब्दावर न जाता भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाला विचारावे.

आमच्या हद्दीवरचा ओढा पाइपमध्ये घालून वर बाग करू, असे बिल्डर म्हणतो. (कात्रज परिसर, पुणे)

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने काठच्या वस्त्यांत आणि सोसायट्यांत काय केले, हे आपल्या भागात सांगण्याची गरज नसावी. ओढ्याचे पात्र अरुंद करण्याचा किंवा झाकण्याचा अधिकार बिल्डरला नाही. महापालिकेच्या मलनिस्सारण व पर्जन्यजल विभागाकडून पूररेषेसह नकाशा लेखी मागवावा, तो स्वतंत्र जलविज्ञान सल्लागाराकडून तपासून घ्यावा आणि तोपर्यंत बिल्डरच्या कोणत्याही संमतिपत्रावर सही करू नये.