जुन्या आय-५ ३४७० प्रोसेसरवर आरटीएक्स ३०६० लावले तर बॉटलनेक किती टक्के येईल?

तुमच्याकडे आय-५ ३४७० प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स ७५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी आहे. त्यात आरटीएक्स ३०६० कार्ड बसवले तर बॉटलनेक (एक भाग मंद पडल्याने दुसऱ्याचा होणारा खोळंबा) किती टक्के येईल, कार्ड खराब होईल का, आणि हा खर्च करावा की नाही, असे तुम्ही विचारले आहे. एरवी असे प्रश्न मी वाचून सोडून देतो. पण नेमका हाच प्रोसेसर आणि नेमके हेच कार्ड मी २०२२च्या दिवाळीत इंदूरमध्ये स्वतःच्या पैशाने एकत्र आणले होते आणि त्यावरून आमच्या घरात सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही.

आधी दोन गोष्टी चटकन सांगतो. कार्ड खराब होणार नाही, ते फक्त रिकामे बसेल. आणि टक्क्यांचा आकडा मागू नका, कारण असा आकडा अस्तित्वातच नाही. ज्या संकेतस्थळांवर प्रोसेसर आणि कार्डाचे नाव टाकले की ‘२७ टक्के बॉटलनेक’ असे उत्तर मिळते, तिथे तुम्ही कोणता गेम, कोणत्या रिझोल्यूशनवर, सेकंदाला किती फ्रेमच्या (म्हणजे चित्रांच्या) अपेक्षेने खेळणार आहात याचा हिशेब धरलेला नसतो. म्हणून ते उत्तर पेपरातल्या राशिभविष्याइतकेच खरे असते.

माझा पीसी मूळचा वडिलांचा. ते त्यावर हिशेबाची कामे करत असत. आमच्या घराण्यात संगणकाच्या बाबतीत शेवटचा शब्द माझ्या मावसभावाचा, कारण सगळ्यांत आधी स्वतःच्या हाताने पीसी असेंबल करणारा तोच. लोकमान्य नगरात मावशीकडे फराळाची तयारी चालू असताना मी त्याला विचारले की, सायबरपंक २०७७ हा गेम खेळायचा असेल तर काय बदलावे. दादाने क्षणाचाही विचार न करता सांगितले, “प्रोसेसर हा नुसता हमाल असतो. सगळा पैसा कार्डात घाल.” वर पुरावाही दिला. डिसेंबर २०२०मध्ये सायबरपंक २०७७ आला, तेव्हा गेमच्या कंपनीने जाहीर केलेल्या किमान गरजांच्या यादीत प्रोसेसर म्हणून आय-५ ३५७०के होता, आणि माझा ३४७० त्याच पिढीतला, जेमतेम एक पायरी खालचा. एका पायरीने काय बिघडते, असे त्याचे म्हणणे होते आणि ते मला पटलेही.

सिल्व्हर मॉलमधून साडेएकतीस हजारांना कार्ड आणले. जुन्या एसएमपीएसला (वीजपुरवठ्याच्या डब्याला) कार्डाची आठ पिनची वायरच नसल्याने तोही बदलावा लागला, त्याचे चार हजार वेगळे. रात्री साडेदहाला गेम सुरू केला, १०८०पी रिझोल्यूशन आणि हाय सेटिंग ठेवली आणि आफ्टरबर्नर या मोजमापाच्या सॉफ्टवेअरचे आकडे पडद्याच्या कोपऱ्यात लावले. गेममधल्या घराच्या आत, लिफ्टमध्ये, संवादांच्या प्रसंगात सगळे सुरळीत होते. रस्त्यावर पाऊल टाकताच आकडा सेकंदाला ३६ फ्रेमवर आला. गाडी वेगाने वळवली की चित्र अर्धा सेकंद गोठायचे आणि मग समोरचा रस्ता तुकड्यातुकड्याने उभा राहायचा. त्याच वेळी कार्डाचा वापर दिसत होता ४५ टक्के आणि प्रोसेसरचे चारही कोअर ९८ ते १०० टक्क्यांवर होते.

साहजिकच मी सेटिंग खाली आणली. हायची मीडियम केली, मीडियमची लो केली. चित्र ओबडधोबड झाले आणि आकडा राहिला ३६. चिडून सगळे अल्ट्रावर नेले, तरी ३६च. फक्त कार्डाचा वापर साठाच्या घरात गेला. दादाला फोन केला तर म्हणाला, विंडोज बिघडले असेल, फॉरमॅट मार. मी दोनदा फॉरमॅट मारले. मग म्हणाला, रॅम कमी पडत असेल. हे मात्र त्याचे अंशतः खरे निघाले: ८ जीबीची आणखी एक डीडीआर३ रॅम लावल्यावर गोठण्याचे प्रमाण बरेच कमी झाले, पण सरासरी ३६ची ३८ झाली, त्यापुढे नाही.

सेटिंग वरखाली करूनही आकडा जागचा का हलत नाही, हे मला चकल्यांवरून समजले. त्या दिवशी मावशीच्या स्वयंपाकघरात सोऱ्या मामीच्या हातात होता आणि झारा मावशीच्या. मामीचा हात दुखत असल्याने चकल्या सावकाश पडत होत्या, घाणा तळून निघायचा आणि पुढचा तयार नसल्याने मावशी तापलेल्या तेलाकडे बघत उभी राहायची. अशा वेळी आच वाढवा, मंद करा, वा दुप्पट मोठी कढई आणा. तासाभरात डब्यात पडणाऱ्या चकल्या मामीच्याच वेगाने पडणार. प्रत्येक फ्रेममध्ये कोण कुठे उभे आहे, कोणती गाडी कुठे वळणार, काय काय रेखाटायचे, हे प्रोसेसर ठरवतो आणि ती आज्ञांची यादी हातात पडल्याशिवाय कार्ड त्या फ्रेमचे चित्र रंगवू शकत नाही. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. माझा प्रोसेसर यादी करायला सुमारे २८ मिलिसेकंद घेत होता. कार्ड आपले काम साडेबारा मिलिसेकंदांत उरकून पुढच्या यादीची वाट बघत बसत होते. हजाराला अठ्ठावीसने भागून बघा, माझा ३६चा आकडा तुम्हाला मिळेल. साडेबाराला अठ्ठावीसने भागा, ४५ टक्के मिळतील.

शेवटी एका रविवारी स्कूटरवर पायाशी कॅबिनेट ठेवून, प्रत्येक गतिरोधकावर श्वास रोखत, पुन्हा सिल्व्हर मॉल गाठला. दुकानातल्या मुलाने पाच मिनिटे कोपऱ्यातले आकडे पाहिले आणि म्हणाला, “भिया, कार्ड तो आराम कर रहा है.” त्याने माझेच कार्ड काढून त्यांच्या चाचणीच्या पीसीत लावले, ज्यात आय-५ १२४००एफ होता. तोच गेम, तीच हाय सेटिंग, तोच गर्दीचा चौक. सेकंदाला ८० फ्रेम आणि कार्डाचा वापर ९८ टक्के. मी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला आणि दादाला पाठवला. त्यावर त्याचे उत्तर असे आले: “म्हणजे कार्ड उत्तमच होते ना? मी काय वेगळे सांगत होतो?”

मला राग येतो तो या वाक्याचा. कार्ड चांगले आहे की नाही, हा प्रश्नच नव्हता. ज्या यादीचा आधार घेऊन त्याने मला पटवले, त्या यादीत त्याच ओळीवर कार्डाचा रकानाही होता आणि त्यात लिहिले होते जीटीएक्स ७८०, म्हणजे २०१३चे कार्ड. त्या प्रोसेसरला त्या काळचे कार्ड, लो सेटिंग, आणि खेळता येईल इतपत वेग, एवढेच आश्वासन त्या ओळीत होते. अर्धी ओळ वाचून साडेएकतीस हजारांचा सल्ला देऊ नये. पुढे २०२३मध्ये कंपनीने त्या गेमची यादी सुधारली, तेव्हा किमान प्रोसेसर म्हणून आय-७ ६७०० लिहिला आणि ३५७०के यादीतून गेला. तेही मी दादाला कळवले आहे. अलीकडे त्याचे म्हणणे असे की, डीएलएसएस चालू केले असते तर वेग वाढला असता. डीएलएसएस कार्डाला कमी रिझोल्यूशनवर चित्र काढायला लावून ते मोठे करते, म्हणजे मुळात रिकाम्या बसलेल्याचेच काम हलके करते. मामीच्या दुखऱ्या हाताला त्याचा काय उपयोग?

याची उलट बाजूही घरातच घडली आहे. माझ्या भाच्याला ‘आय-७ गेमिंग पीसी’ म्हणून जो संच विकण्यात आला, त्यात कार्ड होते जीटी ७१०. ते कार्ड मॉनिटर जोडण्यापुरते आहे, गेमसाठी नाही. तिथे प्रोसेसर रिकामा आणि कार्ड ९९ टक्क्यांवर. पण त्याचे दुःख कमी, कारण कार्ड बदलले की प्रश्न सुटतो. प्रोसेसर जुना असेल तर त्याच्यासोबत बोर्ड आणि रॅमही जाते, आणि माझे आणखी सत्तावीस हजार तसेच गेले: १२४००एफ, बी६६० बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम. दोन अशासाठी की एकाच रॅमवर मेमरीचा वेग निम्मा मिळतो आणि तो फटका पुन्हा प्रोसेसरलाच बसतो.

आता तुमच्याबद्दल. एक पैसाही खर्च करण्याआधी सध्याच्या ७५० टीआयवरच एक चाचणी करा. तुम्हाला खेळायचा असलेला गेम ७२०पी आणि लो सेटिंगवर लावा आणि सर्वांत गर्दीच्या जागी जाऊन आकडा पाहा. कार्डाचा वापर ९० टक्क्यांच्या खाली आला असेल तर दिसणारा आकडा हीच तुमच्या प्रोसेसरची कमाल मर्यादा आहे आणि ३०६०च काय, त्याच्या चौपट किमतीचे कार्डही ती ओलांडून देणार नाही. प्रोसेसरचा एकूण वापर मात्र पाहू नका. नव्या आठ-बारा थ्रेडच्या (एका वेळी तितकी कामे हाताळणाऱ्या) प्रोसेसरवर गेमचा मुख्य थ्रेड एकाच कोअरवर पूर्ण अडकलेला असतानाही एकूण वापर ३५ टक्केच दिसतो, आणि त्यावरून माणसे प्रोसेसरला निर्दोष सोडून देतात. (दादानेही त्याच्या पीसीच्या बाबतीत तेच केले आहे.)

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या, त्या राहून गेल्या. तुम्ही व्हॅलोरंट या ऑनलाइन नेमबाजीच्या गेमचाही उल्लेख केला आहे. तो गेम कार्डाला जवळजवळ काही मागत नाही, त्यात वेग ठरतो तो प्रोसेसरवरच, त्यामुळे तेवढ्यासाठी ३०६० घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे. तुम्ही ४केच्या टीव्हीवर सावकाश, कथाप्रधान गेम खेळणार असाल, तर मात्र माझे अर्धे उत्तर खोडून टाका. १०८०पीमध्ये सुमारे २० लाख ७३ हजार पिक्सेल असतात आणि ४केमध्ये त्याच्या चौपट, सुमारे ८३ लाख. कार्डाचे काम त्या प्रमाणात फुगते, प्रोसेसरचे जवळपास तेवढेच राहते, आणि दोघांतली दरी बरीच बुजते. (चकल्यांची उपमा इथे लागू पडत नाही, हे मला माहीत आहे.) तसेच वर्षभरात बाकीचा पीसी बदलण्याची तुमची खात्री असेल, तर आधी कार्ड घेणे चूक नाही, माझे ३०६० आजही तेच आहे. एवढ्यापुरते दादाचे बरोबर होते, पण त्याने ‘वर्षभरात सत्तावीस हजार आणखी लागतील’ हे वाक्य म्हटले नव्हते.

जुन्या प्रोसेसरवर कार्ड घ्यायचेच ठरले, तर इंटेलच्या आर्क मालिकेतले घेऊ नका. त्याला लागणारी रिसायझेबल बारची (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) सोय तुमच्या बोर्डावर नाही, आणि डिसेंबर २०२४मध्ये आलेले त्याच मालिकेतले बी५८० तर याहून कितीतरी नव्या, पण मध्यम ताकदीच्या प्रोसेसरवरसुद्धा मागे पडत असल्याचे पुढच्या महिन्याभरातल्या चाचण्यांत दिसले. एनव्हिडियाचा ड्रायव्हरही डायरेक्टएक्स १२च्या गेममध्ये प्रोसेसरवर जास्त भार टाकतो, हे २०२१पासून माहीत असलेले आहे. त्यामुळे एनव्हिडियाचे ३०६० आणि एएमडीचे आरएक्स ६६०० यांच्यात निवड असेल तर तुमच्या पीसीसाठी मी ६६०० निवडेन. आरएक्स ६५०० एक्सटी मात्र नको, ते केवळ चार पीसीआय लेनवर (बोर्डाशी जोडणाऱ्या मार्गिकांवर) चालते आणि जुन्या बोर्डावर त्याचा जीव अधिकच घुसमटतो.

त्याच सॉकेटवर बसणारा वापरलेला आय-७ ३७७० मिळाला तर आठ थ्रेडमुळे गोठणे कमी होईल, पण त्यावर दोन-अडीच हजारांपेक्षा जास्त घालू नये. गेममध्ये गर्दीची घनता कमी करण्याचा पर्याय असेल तर तो सर्वांत आधी खाली आणा, कारण सावल्या आणि टेक्श्चरपेक्षा प्रोसेसरला हलके करणारी सेटिंग तीच आहे. आणि फ्रेमला ३०वर मर्यादा घाला, कारण सतत ३६ आणि २२च्या मध्ये हेलकावणाऱ्या चित्रापेक्षा स्थिर ३० डोळ्यांना बरे वाटते. मी हे दोन्ही तेव्हा केले असते, तर निदान ती दिवाळी बरी गेली असती.

७२०पीची चाचणी केलीत की आकडे इथे लिहा, आणि शक्य असेल तर कोपऱ्यातले आकडे दिसतील असा फोटोही टाका. माझ्या व्हिडिओबद्दल दादाचे म्हणणे आहे की, दुकानातल्या मुलाने सेटिंग बदलली होती.