समविचारी लोकांनी एकत्र राहायला जायचं तर प्रदेश कसा निवडावा? न्यू हॅम्पशायरमध्ये राहून दिलेलं उत्तर

तुमचा प्रश्न असा आहे की, लिबर्टेरियन म्हणजे सरकारचा हात कमीत कमी हवा असं मानणारी माणसं देशभर विखुरलेली असतात आणि त्यांच्या मतांना वजन येत नाही. त्यांनी ठरवून एकाच भागात बिऱ्हाड हलवलं आणि तिथल्या राजकारणात शिरायचं म्हटलं, तर तो भाग कोणत्या कसोटीवर निवडावा?

मी सोळा वर्षांपासून अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, नाशुआ शहराजवळच्या एका लहान गावात राहतो. तुम्ही विचारताय तो प्रयोग याच राज्यात सुरू आहे. मी त्या चळवळीतून आलो नाही, नोकरीमुळे आलो. पण विचार मला जवळचा आहे.

तो जवळचा झाला निफाडमुळे. आमचे वडील कांदा आणि ऊस लावायचे. 1980 साली शेतकरी संघटनेनं मुंबई-आग्रा रस्ता अडवला तेव्हा तेही लाल बिल्ला लावून रस्त्यावर बसले होते. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा मी शाळेत जायच्या आधी पाठ केली. सरकारनं शेतकऱ्याला काही देऊ नये, फक्त त्याच्या बाजारातून बाजूला व्हावं, एवढंच त्यांचं म्हणणं असायचं. संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या सभांना लाखांनी माणसं जमायची. 1994 मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला, तरी विधानसभेत पोचले ते बोटांवर मोजण्याइतके. माणसं होती, पण प्रत्येक मतदारसंघात थोडी थोडी. वडील निकालाच्या दिवशी रेडिओ बंद करून मळ्यात निघून जायचे, ते मला अजून दिसतं. म्हणून तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग मला समजावून सांगावा लागत नाही.

2001 मध्ये येल विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या जेसन सोरेन्स यांनी लेख लिहून हाच मुद्दा मांडला आणि त्यातून फ्री स्टेट प्रोजेक्ट उभा राहिला. 20,000 लोकांनी सही करायची की आम्ही एका लहान राज्यात राहायला जाऊ. पहिल्या 5,000 सह्या झाल्या की राज्य कोणतं ते मतदानानं ठरवायचं. पहिली चाळणी लोकसंख्येची होती, 15 लाखांवरची राज्यं बाद. यादीत दहा राहिली: अलास्का, डेलावेअर, आयडाहो, मेन, माँटाना, नॉर्थ डकोटा, साउथ डकोटा, व्हरमाँट, वायोमिंग आणि न्यू हॅम्पशायर. नुसती डोकी मोजायची तर वायोमिंग सरळ जिंकायला हवं होतं, तिथे जेमतेम पाच लाख वस्ती. पण 1 ऑक्टोबर 2003 ला निकाल लागला तो न्यू हॅम्पशायरच्या बाजूनं, आणि इथली वस्ती तेव्हाही बारा लाखांच्या वर होती.

मला वाटतं त्या मतदारांनी बरोबर ओळखलं. माणसं किती आहेत यापेक्षा सत्तेचे दरवाजे किती आणि केवढे आहेत हे बघायचं असतं. आपल्या गोव्याशी ताडून पाहा. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या 14.58 लाख, न्यू हॅम्पशायरची 2020 मध्ये 13.77 लाख, म्हणजे जवळपास सारखीच. गोव्याच्या विधानसभेत आमदार 40, इथल्या प्रतिनिधीगृहात 400. गोव्यात एका आमदारामागे साधारण 36,000 माणसं, इथे 3,400 च्या आसपास. महाराष्ट्रात हाच आकडा 3.9 लाखांवर जातो! एवढ्या छोट्या मतदारसंघात उमेदवाराला पैशाची थैली लागत नाही, पाय लागतात. आमच्याकडे कचऱ्याची गाडी दारात येत नाही, शनिवारी सकाळी आपापल्या पिशव्या गाडीत घालून गावाच्या डेपोवर न्याव्या लागतात. उमेदवार तिथेच उभे असतात. एका हातानं पुठ्ठे वेगळे करत मी आमच्या प्रतिनिधीशी घरपट्टीवर वाद घातला आहे.

या प्रतिनिधींना मानधन वर्षाला 100 डॉलर, 1889 पासून तेवढंच. त्यामुळे पगारी नोकरदाराला ते परवडत नाही. निवृत्त माणूस, स्वतःचा धंदा असलेला, किंवा घरून काम करणारा पुढे येतो. चळवळीतून आलेल्यांत शेवटच्या दोन प्रकारचे लोक बरेच, म्हणून त्यांना हा दरवाजा आणखी सोपा गेला.

दुसरी कसोटी पोटापाण्याची. दक्षिण न्यू हॅम्पशायरमधून बॉस्टन गाडीनं तासाभरावर आहे. वायोमिंगमध्ये मोकळी जमीन भरपूर, पण हजारो कुटुंबांना नोकऱ्या कुठून मिळणार? फक्त एक हिशेब नीट करा. इथे पगारावर आयकर नाही, विक्रीकर नाही, पण नोकरी मॅसॅच्युसेट्समध्ये असेल तर त्यांचा आयकर सुटत नाही. आणि घरपट्टी जबर आहे. माझी वर्षाला नऊ हजार डॉलरच्या वर जाते.

तिसरी कसोटी, तिथल्या मातीत तो स्वभाव आधीपासून आहे का. प्रौढांना सीटबेल्टची सक्ती नसलेलं अमेरिकेतलं हे एकमेव राज्य. चळवळीतले लोक आले तेव्हा त्यांना इथे नवी भाषा शिकवावी लागली नाही, 2003 मध्ये तर गव्हर्नर क्रेग बेन्सन यांनीच त्यांचं स्वागत केलं.

फळ मिळालं का? सही करणं वेगळं आणि संसार ट्रकमध्ये भरणं वेगळं. 20,000 सह्या पुऱ्या व्हायला फेब्रुवारी 2016 उजाडला, आणि तोवर प्रत्यक्ष आलेले दोन हजारांच्या आसपास होते. तरी एवढ्यांनी छाप पाडली. प्रतिनिधीगृहातले रिपब्लिकन बहुमताचे नेते जेसन ऑस्बोर्न हे याच चळवळीतून ओहायोहून आलेले. व्याज आणि लाभांशावरचा कर 2025 पासून गेला, त्याला यांचा जोर होता. मर्यादाही दिसली: 2022 मध्ये राज्यानं अमेरिकेतून बाहेर पडावं असा ठराव आला, तो 323 विरुद्ध 13 मतांनी पडला.

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती सांगतो. इथल्या बऱ्याच गावांत दर मार्चला गावसभा भरते. आपल्या ग्रामसभेसारखीच, आणि हिच्या मताला कायद्याचं बळ असतं. गावाचं आणि शाळेचं बजेट तिथे हात वर करून ठरतं. क्रॉयडन नावाच्या सुमारे 800 वस्तीच्या गावात मार्च 2022 मध्ये शाळेचं 17 लाख डॉलरचं बजेट मांडलं गेलं. सभेतून ऐनवेळी दुरुस्ती आली की 8 लाख करा. हजर लोकांत मतं पडली 20 विरुद्ध 14, दुरुस्ती मंजूर. गावाला दुसऱ्या दिवशी कळलं की पोरांच्या शाळेचे निम्म्याहून जास्त पैसे गेले. मग लोकांनी दारोदार फिरून सह्या गोळा केल्या. विशेष सभेला निम्मे मतदार हजर हवेत अशी अट होती, म्हणजे 283. मे महिन्यात 379 आले आणि जुनं बजेट 377 विरुद्ध 2 मतांनी परत आणलं. दरवाजा लहान असला की तुम्हाला आत शिरणं सोपं जातं, आणि तुम्हाला बाहेर काढणंही.

म्हणून प्रदेश नकाशावर ठरवू नका. आधी तिथे एक हिवाळा भाड्यानं राहा आणि मार्चच्या सभेला जाऊन बसा. चळवळीतून आलेले लोक अमेरिकन नागरिक होते, राहायला आले की मतदार होत. तुम्ही भारतातून येणार असाल तर मताचा हक्क मिळायला खूप वर्षं जातात. मी स्वतः नऊ सभा व्यायामशाळेच्या भिंतीलगतच्या, मतदार नसलेल्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या खुर्च्यांवर बसून ऐकल्या. बर्फ ढकलायचा नवा ट्रक घ्यावा की जुनाच दुरुस्त करावा, यावर लोकांना दोन दोन तास भांडताना पाहिलं. नागरिक झालो त्या मार्चला दारावर मला मतदाराचं पिवळं कार्ड दिलं, आणि मी पहिल्यांदा मधल्या खुर्च्यांवर बसलो.

त्याच सभेत शाळेच्या बजेटमध्ये मोठी कपात सुचवणारी दुरुस्ती आली. कर कमी व्हावा असं मला मनापासून वाटतं, वडिलांचाच मुलगा आहे मी. पण तो आकडा आदल्या दिवसापर्यंत गावात कुणीच पाहिला नव्हता. मी कार्ड मांडीवरच ठेवलं.