चार मंडळ्या आणि एक डबा

प्रश्न: सलाम ताई. मी सांगलीची, आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाची सेक्रेटरी आहे. दर जानेवारीत 18 ते 25 तारखेला ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह असतो तेव्हा आमच्या भागातल्या चार मंडळ्या एकत्र येतात, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), कॅथलिक आणि दोन पेंटेकॉस्टल फेलोशिप. गाणी होतात, चहा होतो, फोटो निघतात आणि मग पुढच्या जानेवारीपर्यंत कोणी कोणाला फोनसुद्धा करत नाही. मागच्या वर्षी मिळून काहीतरी सेवा करू म्हणून मीटिंग घेतली तर बॅनरवर कोणाचं नाव आधी यावर दीड तास गेला आणि विषयच बारगळला. आम्हा मुलांना फार वाईट वाटलं. सुरुवात करायची तर कुठून?

उत्तर: सलाम गं बाळा. तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी एक सांगते, बॅनर करूच नका. खरंच नका करू. नाव लावायचं नाही असं पहिल्याच मिनिटाला ठरलं की तो दीड तास तुमच्या हातात राहतो, आणि तेवढ्या वेळात पन्नास-साठ चपात्या सहज होतात.

मोठ्या माणसांवर रागावू मात्र नकोस. आपण वेगळे का झालो ते बघ. अमेरिकेतनं मिशनरी आले तेव्हा त्यांनी इलाखे वाटून घेतले होते, सांगली-मिरज-कोल्हापूर प्रेस्बिटेरियन मिशनकडे आणि सातारा-वाई अमेरिकन मराठी मिशनकडे, म्हणजे तुझी पणजी सांगलीत न राहता साताऱ्यात राहिली असती तर तिची मंडळी दुसरी झाली असती, एवढाच काय तो फरक. ही दोन्ही घराणी 1924 ला एका चर्चमध्ये आली. मग आपला सांगलीचा आयर्विन पूल सुरू झाला त्याच वर्षी, 1929 ला, आणखी मोठ्या ऐक्याची बोलणी सुरू झाली ती पूर्ण व्हायला 29 नोव्हेंबर 1970 उजाडला, नागपुरात सहा चर्च मिळून सीएनआय झालं तेव्हा. एकेचाळीस वर्षं लागली. तुमची एक मीटिंग फिसकटली म्हणून धीर सोडू नका.

आणि सगळ्या शिकवणुकीवर एकमत झाल्याशिवाय हातच लावायचा नाही असंही नाही. 1952 ला स्वीडनमध्ये लुंड गावी जगभरातल्या चर्चेसची परिषद झाली, तिथे एक प्रश्न मांडला गेला जो मला आजही फार पटतो, की जिथे विश्वासातले खोल मतभेद आपल्याला वेगळं वागायला भाग पाडतात तेवढं सोडून बाकी सगळं आपण मिळून का करू नये? आता बघ, आजारी माणसाच्या नातेवाइकाला जेवण देण्यात कुठला मतभेद आड येतो?

तर काम मीच सुचवते. मिरजेला जा. डॉ. वानलेसनी 1894 ला मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, कर्नाटकातनं, सोलापूरकडनं पेशंट येतात. पेशंटला कॉट मिळते पण सोबत आलेली म्हातारी बाहेर पायरीवर बसलेली असते, तिला कागद कुठल्या खिडकीवर द्यायचा कळत नाही, मराठी येत नाही आणि हातात पैसे मोजकेच. एक हॉस्पिटल धरा, आधी तिथल्या ऑफिसची परवानगी घ्या, आणि आठवड्यातला एकच वार ठरवा. चार मंडळ्या आहेत ना, मग महिन्यातले चार शनिवार वाटून टाकू नका! वाटले की पुन्हा चार वेगळी कामं झाली. दर शनिवारी चारही घरचा स्वयंपाक एका डब्यात यायला हवा, एकीकडनं चपात्या, दुसरीकडनं भाजी, कोणी वरण-भात, आणि कन्नड येणारं एक माणूस हवंच. वाढायला जोडीनं जायचं आणि जोडी मुद्दाम दोन मंडळ्यांची करायची. रिक्षात बसून जाता-येता ओळख वाढते तशी मीटिंगमध्ये वाढत नाही. ऑगस्ट 2019 च्या महापुरात मी हे डोळ्यांनी पाहिलंय, आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांच्या घरात गेलं होतं आणि पोळ्या लाटताना शेजारची बाई कुठल्या चर्चची हे विचारायला कोणाला सवड नव्हती, पाणी ओसरलं आणि जो तो आपल्या दारी गेला, ते मला अजून सलतं.

डब्याबरोबर धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटायच्या नाहीत. हे मी कडक सांगतेय. मदत करणाऱ्या संस्थांनी 1994 ला रेड क्रॉसबरोबर जी आचारसंहिता केली तिच्यातसुद्धा हेच आहे, की मदतीच्या आडून धर्माचा किंवा राजकारणाचा प्रचार नको. भुकेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, त्याच्या त्या अवस्थेचा फायदा घ्यायचा नाही. कोणी आपणहून म्हणालं, माझ्या लेकरासाठी प्रार्थना करा, तर तिथेच हात धरून करा.

आणि प्रार्थना जानेवारीवर ठेवू नका. शनिवारी परत आलात की दहा मिनिटं उभ्या उभ्या, ज्यांना भेटलात त्यांच्यासाठी. "सर्व रुग्णांना बरं कर" असं घाऊक नको, ती विजापूरची आजी, तिच्या नातवाचं सोमवारचं ऑपरेशन, असं. मग पुढच्या शनिवारी कोणीतरी विचारणारच, काय झालं गं त्या पोराचं?

प्रश्न: आम्ही साताऱ्याचे. कॅथलिक बंधुभगिनींसोबत एकत्र उपासना घ्यायची आहे, पण प्रभुभोजनाचं, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीचं, काय करायचं?

उत्तर: प्रभुभोजन ठेवू नका, त्यावर अजून एकमत नाही आणि ओढून आणलं तर माणसं दुखावतात. स्तोत्र, शास्त्रवाचन आणि भजनं घ्या. रेव्ह. ना. वा. टिळकांनी आयुष्याच्या शेवटी तुमच्याच साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला होता, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र यावेत म्हणून, तेव्हा त्यांची भजनं तिथे म्हणायला तुमचा हक्कच आहे. एक बारीक गोष्ट. प्रभूची प्रार्थना आपण "राज्य, सामर्थ्य व गौरव" पर्यंत म्हणतो, कॅथलिक लोक त्याच्या आधी थांबतात. कागदावर पूर्ण छापून आधीच वाटा, म्हणजे मध्येच अर्धी माणसं गप्प होणार नाहीत.