बीटा चाचणीला बसण्यापूर्वी

चि. भाचीस अनेक उत्तम आशीर्वाद.

एका नव्या गेमच्या बंद बीटा चाचणीसाठी तुझी निवड झाल्याचे कळले आणि आनंद झाला. तुझ्या आईला मात्र अजून वाटते की सेमिस्टरच्या तोंडावर तू खेळायला एक नवे निमित्त शोधून काढले आहेस. तिची समजूत मी घालीन, पण तिचे म्हणणे खोटे ठरवणे सर्वस्वी तुझ्या हातात आहे. प्रकाशनापूर्वी गेम हाती आला की बहुतेक जण तो नुसता खेळतात, दोन दिवसांत कंटाळतात आणि जाता जाता “मस्त आहे” किंवा “फार लॅग होतो” (गेम उशिरा प्रतिसाद देतो) एवढे लिहून मोकळे होतात. गेम तयार करणाऱ्यांना या दोन्ही वाक्यांचा काडीचाही उपयोग नसतो. कशाचा उपयोग होतो, हे या क्षेत्रात इतकी वर्षे काढल्यावर मला जसे उमगले आहे तसे लिहिते.

आधी तू कशात भाग घेते आहेस ते नीट समजून घे, कारण ‘बीटा’ हा शब्द हल्ली कशालाही चिकटवला जातो. सर्वसाधारणपणे अल्फा अवस्थेत गेमचे काही भाग अजून बनायचे असतात आणि तो मुख्यतः कंपनीच्या आतच खेळला जातो. बीटापर्यंत मुख्य सांगाडा उभा झालेला असतो आणि कंपनीच्या चार भिंतींत जे सापडू शकत नाही ते शोधण्यासाठी बाहेरच्या माणसांना बोलावलेले असते. कधी हेतू एवढाच असतो की एकाच वेळी हजारो लोक शिरले तर सर्व्हर टिकतो का ते पाहावे. तसे असेल तर ठरलेल्या वेळी लॉगिन करणे हेच तुझे काम, मग रांगेत ताटकळावे लागले तरी. अर्ली अ‍ॅक्सेस हा प्रकार याहून वेगळा. तिथे अपुरा गेम पैसे मोजून विकत घ्यायचा असतो. ‘बाल्डर्स गेट ३’ ऑक्टोबर २०२० पासून असा विक्रीला होता आणि त्यात कथेचा फक्त पहिला अंक खेळता येत असे. पूर्ण गेम ऑगस्ट २०२३ मध्ये आला. त्या वाटेने गेलेला खेळाडू ग्राहक असतो आणि त्याने तक्रार करणे रास्तच आहे. तू ग्राहक नाहीस. तुझ्याकडून तक्रार नको आहे, माहिती हवी आहे.

आता मूळ मुद्दा. तुला दिसलेला बिघाड ज्याने पाहिलेला नाही अशा माणसाला, तू समोर नसताना, त्याच्या टेबलावर तोच बिघाड पुन्हा घडवता आला पाहिजे. चाचणीची सगळी विद्या या एका गोष्टीभोवती फिरते. प्रोग्रामरला जे पुन्हा घडवता येत नाही ते त्याला दुरुस्तही करता येत नाही, आणि केलेच तर ते खरोखर दुरुस्त झाले का हे ताडून पाहता येत नाही. “गेम हँग होतो, प्लीज फिक्स करा” असा रिपोर्ट म्हणजे डॉक्टरांसमोर बसून “बरे वाटत नाही” एवढेच सांगून घरी निघून येणे.

त्याच बिघाडाचा चांगला रिपोर्ट कसा असतो ते पाहा. शीर्षकात लिहायचे: “दुकानाचा पडदा उघडा असताना फोन आला, तर कॉल संपल्यावर स्पर्शाला प्रतिसाद मिळत नाही.” खाली बिल्ड क्रमांक (म्हणजे गेमच्या त्या आवृत्तीचा क्रमांक), फोनचे मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, रॅम, शिल्लक जागा आणि नेटवर्क वाय-फायचे की मोबाइलचे. मग पायऱ्या: गेम सुरू केला, मुख्य पडद्यावरून दुकानात गेले, तिसऱ्या वस्तूवर बोट ठेवून तिचा तपशील उघडला, त्याच वेळी दुसऱ्या फोनवरून कॉल केला, उचलला, दहा सेकंदांनी बंद केला. पुढे दोन वाक्ये वेगवेगळी: काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले. अखेरीस किती वेळा घडले ते, म्हणजे पाचपैकी चार वेळा घडले आणि वस्तूचा तपशील बंद असताना एकदाही घडले नाही. हे शेवटचे अर्धे वाक्य सोन्याच्या मोलाचे आहे. बिघाड कधी होत नाही हे सांगितले की शोधाचे क्षेत्र एकदम आकसते आणि कोणीतरी, कुठेतरी, अर्धा दिवस वाचवतो.

सोबत स्क्रीन रेकॉर्डिंग जोड, पण वीस मिनिटांचे नको. बिघाडाच्या आधीचे अर्धे मिनिट आणि नंतरचे काही क्षण पुरतात. घडल्याची नेमकी वेळ लिही आणि ती भारतीय प्रमाणवेळ आहे हेही लिही, कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे आपोआप होणाऱ्या नोंदींत, शोध घेणारा माणूस बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतो आणि साडेपाच तासांच्या फरकाने तो भलत्याच नोंदी चाळत बसेल. एका रिपोर्टमध्ये एकच बिघाड. कारण काय असावे याचा तर्क करावासा वाटला तर अवश्य कर, पण तो निरीक्षणात मिसळू नकोस. “मला वाटते” असे म्हणून वेगळा लिही.

तू विचारले आहेस की हजारो परीक्षकांमध्ये तुझ्या रिपोर्टला कोण विचारणार. त्याचे उत्तर तुझ्या खेळण्याच्या कौशल्यात नाही. तुझ्या रोजच्या परिस्थितीत आहे. गेम तयार करणारे उत्तम फोनवर, वातानुकूलित खोलीत, भरवशाच्या इंटरनेटवर काम करतात. तुझ्याकडे तीन वर्षे वापरलेला, साठवण भरत आलेला, मे महिन्यात हातात धरवत नाही इतका तापणारा फोन आहे. तापलेला फोन स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग उतरवतो आणि मग पहिल्या दहा मिनिटांत सुरळीत चाललेला गेम चाळिसाव्या मिनिटाला अडखळू लागतो. हे मोजायला चाळीस मिनिटे सलग खेळणारे कोणीतरी लागते. त्याच भरलेल्या फोनवर अपडेट उतरवताना जागा संपली तर गेम तसा संदेश देतो की मुकाट्याने बंद पडतो, हेही पाहा.

नेटवर्कचेही तसेच. घरच्या वाय-फायवर सामना सुरू करून जिना उतर. वाय-फाय सुटून मोबाइल डेटा लागतो तेव्हा तुझा आयपी पत्ता बदलतो, आणि अशा वेळी गेम तुला त्याच सामन्यात परत घेतो का, की पळपुटी ठरवून दंड करतो, ही पाहण्याजोगी गोष्ट आहे. डोंबिवलीहून दादरला येताना धावत्या लोकलमध्ये फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर उड्या मारत असतो आणि भुयारी मेट्रोत तर सिग्नलचा भरवसाच नसतो. अशी फुकटची प्रयोगशाळा परदेशातल्या स्टुडिओला पैसे मोजूनही सहजी मिळत नाही.

पण “लॅग” हा शब्द लिहिण्याआधी सर्व्हर कुठे आहे ते पाहून घे. मुंबईहून सिंगापूर हवाई अंतराने सुमारे ३,९०० किलोमीटर आहे आणि काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे नुसत्या जाण्यायेण्यालाच किमान ३९ मिलिसेकंद लागणार, आणि समुद्राखालची केबल काही सरळ रेषेत जात नाही. तेव्हा सिंगापूरच्या सर्व्हरवर ६०-७० चे पिंग (जाण्यायेण्याचा वेळ, मिलिसेकंदांत) दिसले तर तो बिघाड नव्हे, भूगोल आहे. पिंग ६० वर स्थिर असताना गोळी लागूनही नोंद होत नसेल, तर मात्र ते लिहिण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट तुझ्याखेरीज त्यांच्याकडे फारशी कोणी पाहणार नाही. खेळाडूचे नाव देवनागरीत घालून बघ. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतांत, ‘शि’ साठवताना आधी श आणि मग ऱ्हस्व वेलांटी येते. पडद्यावर मात्र वेलांटी श च्या आधी काढावी लागते. ही अदलाबदल करण्याची सोय अक्षरजुळणीत नसली की वेलांटी पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसते आणि ‘ज्योत्स्ना’सारखे नाव हलन्ताच्या शेपट्यांसह विस्कटून समोर येते. गेम-इंजिनांत, म्हणजे गेम ज्यावर उभारतात त्या तयार सॉफ्टवेअरमध्ये, हा प्रकार आजही आढळतो. त्यात हिंदीसाठी तपासलेला फॉन्ट वापरला असला तरी ‘दुसऱ्या’मधला अर्धा र बिघडलेला निघू शकतो, कारण हिंदीत तो लागतच नाही. असा रिपोर्ट पाठवताना योग्य रूप कसे दिसते त्याचे चित्र जोड. वाचणाऱ्याला देवनागरी येत नसणार. स्पर्धेची उलटी गणती दाखवणारे घड्याळ आपल्या अर्ध्या तासाच्या फरकाने चुकते का, हेही जाता जाता तपास.

गांभीर्य आणि अग्रक्रम यांत गल्लत करू नकोस. जतन केलेली प्रगती पुसली जाणे हा गंभीर दोष. पहिल्या पडद्यावर गेमचेच नाव चुकीचे छापले जाणे तांत्रिकदृष्ट्या क्षुल्लक, पण ते त्याच दिवशी दुरुस्त होईल. गांभीर्य तू सांगायचे, अग्रक्रम ते ठरवतील. प्रत्येक रिपोर्टवर “अतिगंभीर” असा शिक्का मारणाऱ्यांचे रिपोर्ट हळूहळू कोणी उघडेनासे होते, हे मी टेबलाच्या पलीकडे बसून पाहिले आहे. आणि पाठवण्याआधी ज्ञात दोषांची यादी वाच. तीच तक्रार दुसऱ्यांदा नोंदवण्यापेक्षा आधीच्या नोंदीत आपल्या फोनची माहिती घालणे केव्हाही चांगले.

उत्तर येईलच असे धरून चालू नकोस. प्रकाशन जवळ आले की फक्त रस्ता अडवणारे दोष हाती घेतले जातात, कारण प्रत्येक दुरुस्ती नवा दोष जन्माला घालू शकते आणि कन्सोलवरच्या (गेमसाठीच्या खास यंत्रावरच्या) गेमला सोनी, मायक्रोसॉफ्ट किंवा निन्टेंडोच्या तपासणीतूनही जावे लागते. तुझा दोष खरा असूनही “दुरुस्त करणार नाही” असा शेरा मिळेल. त्यावर वाद घालू नये. चाचणीत कमावलेली पातळी आणि वस्तू बहुधा पुसल्या जातात, तेव्हा त्यात जीव गुंतवू नकोस आणि पैसे तर मुळीच घालू नकोस.

गोपनीयतेच्या कराराबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. आपल्याकडच्या १८७२ च्या करार कायद्यानुसार सज्ञान, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण झालेली, व्यक्तीच करार करू शकते. तू झालीस, पण तुझा धाकटा भाऊ झालेला नाही, म्हणून तुझ्या खात्यावरून त्याला खेळू देऊ नकोस. करार पूर्ण वाच: काय दाखवायचे नाही, कुठवर दाखवायचे नाही, आणि चाचणीत भाग घेतोय एवढे तरी सांगण्याची मुभा आहे का. पडद्यावर डोळ्यांना न जाणवणारी, तुझ्या खात्याशी जोडलेली खूण असू शकते. मैत्रिणीला पाठवलेला एक स्क्रीनशॉट बाहेर फिरला की त्याचा माग तुझ्यापर्यंत येतो. यामुळे वर सांगितलेला लोकलचा प्रयोग खुल्या, म्हणजे कोणालाही भाग घेता येणाऱ्या, बीटासाठीच राखून ठेव. आपल्या डब्यात शेजारणीच्या फोनमध्ये डोकावणे हा जवळपास हक्क समजला जातो.

फसवणुकीपासूनही जप. खरे निमंत्रण पैसे मागत नाही, ओटीपी मागत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून एपीके, म्हणजे थेट फोनवर बसवायची अ‍ॅपची फाइल, पाठवत नाही. ते स्टीम (संगणकावरच्या गेमचे ऑनलाइन दुकान), प्ले स्टोअर, टेस्टफ्लाइट (आयफोनवरचे चाचणीचे अ‍ॅप) किंवा कंपनीच्या स्वतःच्या लाँचरमधून (गेम उतरवून सुरू करणाऱ्या प्रोग्राममधून) येते. “माझा गेम जरा खेळून बघ” म्हणत अनोळखी माणसाने धाडलेल्या फाइलमध्ये पासवर्ड चोरणारा प्रोग्राम असण्याचीच शक्यता अधिक. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायचा. पैसे लावून खेळायच्या गेमची चाचणी कोणी देऊ केली तर सरळ नकार दे. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने तसल्या ऑनलाइन गेमवर बंदीच घातली आहे.

नोकरीच्या अर्जात “बीटा टेस्टर” एवढे लिहून फारसे वजन पडत नाही. मोठ्या गेमच्या गर्दीपेक्षा तुझ्या कॉलेजातल्या एखाद्या गटाचा छोटा गेम नेटाने तपासलास तर जास्त शिकशील. त्यांनाही गरज असते: प्ले स्टोअरवर नवे वैयक्तिक खाते उघडणाऱ्याला गेम सर्वांसाठी खुला करण्यापूर्वी किमान १२ परीक्षक सलग १४ दिवस चाचणीत टिकवून दाखवावे लागतात. पूर्वी ही संख्या २० होती. अशा ठिकाणी दोष सापडल्यापासून तो दुरुस्त होईपर्यंतचा सगळा प्रवास तुला जवळून पाहता येईल आणि ते काम परवानगी घेऊन इतरांना दाखवताही येईल.

तुझे रिपोर्ट पाठवण्याआधी मी नजरेखालून घालावेत असे तू लिहिले आहेस. ते जमणार नाही; त्या करारापुरती मीही बाहेरचीच आहे. त्याऐवजी तुझ्या फोनवर आधीच असलेला, केव्हाच प्रकाशित झालेला कोणताही गेम घे, त्यातला एक दोष हुडकून त्याचा रिपोर्ट वर सांगितल्याप्रमाणे लिही आणि रविवारपर्यंत मला पाठव. मी तो माझ्या फोनवर घडवून पाहते. नाही घडला, तर कोणती पायरी गाळलीस ते फोनवर बोलू.

तुझी,
मावशी
दादर, मुंबई