वीरगळ-देवळं नोंदवणारी टीम कशी चालवायची? ताईंच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुमची अडचण कळली. वाईकडच्या गावांतली जुनी देवळं, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचे कोरीव दगड), वाडे नोंदवायला सहा जणांची टीम केलीय, पण प्रत्येकजण पोचल्या पोचल्या "हे यादवकालीन, ते शिलाहारांचं" म्हणून वाद घालत बसतो आणि वहीत काही उतरत नाही. सातारा जिल्ह्यात बरीच वर्षं हेच काम करतोय म्हणून सांगतो, टीम लीडरनं एकच गोष्ट लावून धरायची, आधी दिसतंय ते लिहा, काळ नंतर.

दगडाचं दिसलं की हेमाडपंती म्हणायची आपल्याकडं सवयच पडलीय. ज्याच्या नावावरनं हे म्हणतात तो यादवांचा मंत्री हेमाद्री पंडित, म्हणजे हेमाडपंत, १३व्या शतकाच्या उत्तरार्धातला, आणि चुना न वापरता दगडावर दगड बसवलेली देवळं त्याच्याही आधीपासूनची आहेत. परत एक देऊळ एकाच काळातलं असतं असंही नाही, गाभारा जुना, शिखर विटा-चुन्याचं नंतर चढवलेलं, पुढं पत्र्याची शेड असं किती ठिकाणी बघाल. म्हणून एकाला फक्त सांधे बघायला बसवा. कुठली भिंत दुसरीला नुसती टेकलीय, कुठला कोरीव दगड उलटा बसलाय. टेकलेली भिंत नंतरची, उलटा दगड बहुतेक दुसरीकडनं आणलेला, एवढ्यावरनं निम्मा क्रम लागतो.

वीरगळाचं पण तसंच. खालच्या चौकटीत लढाई, कधी पळवून नेलेल्या गाई, मधे अप्सरा वीराला वर नेतायत, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्रसूर्य. भर दुपारी फोटो काढला तर सपाट दगड दिसतो, संध्याकाळी नाहीतर टॉर्च एका बाजूनं धरून काढा, तलवारीची मूठसुद्धा उठून दिसते. शेंदूर, ऑइलपेंट खरवडायचा नाही, आणि दगड जागचा हलवायचा तर अजिबात नाही.

हे शेवटचं मी स्वतः चूक करून शिकलोय. एका गावात देवळामागं गवतात पडलेले वीरगळ पोरांनी उत्साहानं उचलून भिंतीला ओळीनं लावले, मीच हो म्हणालो होतो, फोटोही छान आले. महिन्याभरानं तिथले म्हातारे गुरव विचारायला लागले, "वेशीकडं तोंड करून होता तो कुठला?" आम्हाला सांगता आलं नाही. ती माहिती गेली ती गेलीच, अजून मनाला लागतं. तेव्हापासून आधी स्केच, दिशा, टेपनं अंतर, मगच बाकीचं.

परवानगीशिवाय खणायचं नाही हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावा. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं, असा १८७८ चा कायदा आहे. गावकऱ्यांना हे आधीच सांगितलं की गुप्तधनाची कुजबुज पण थांबते.

आणि सुरुवात थेट देवळापासून करू नका, एक दिवस साताऱ्याजवळच्या लिंब गावच्या बारा मोटेच्या विहिरीवर काढा. ती मराठाकाळातली आहे, पण सरावाला तीच बरी, कारण वीरूबाई भोसल्यांनी शके १६४१ ते १६४६ (इ.स. १७१९ ते १७२४) मधे बांधल्याचं तिथल्या शिलालेखातच आहे. सहाही जणांनी लेख न वाचता बांधकाम, कमानी, मोटांच्या जागा बघून लिहायचं आणि मग लेखाशी ताडायचं, कोण बघतोय आणि कोण ऐकीव लिहितोय ते तुम्हाला तिथंच कळेल. जायचं ठरलं तर कळवा, ओळंबा आणि लांब टेप घेऊन मी येतो.